खिशातल्या संगणकाला टेबल हवे

प्रति,
मा. कुलगुरू,
यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ,
ज्ञानगंगोत्री, गंगापूर धरणाजवळ, नाशिक.

महोदय,

आपले विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी स्थापन झाले आणि त्याने 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतले, तेव्हा ती गंगा घरी नेण्याचे साधन छापील पुस्तक होते. रोज वर्गात बसू न शकणाऱ्या माणसाने रात्री, सगळी कामे आटोपल्यावर, एकट्याने वाचले तरी समजावे अशा बेताने ती स्वयंअध्ययनाची पुस्तके लिहून घेतली गेली. पाळीत काम करणारा कामगार, शेतकरी, लग्नानंतर शिक्षण सुटलेली बाई, दुकानात दिवसभर उभा असलेला मुलगा, अशा लाखो लोकांपर्यंत विद्यापीठ पोहोचले ते त्यांच्याकडे काय नाही याची यादी करत न बसता, जे आहे तिथून सुरुवात केल्यामुळे. आज याच विद्यार्थ्याकडे स्मार्टफोन आहे आणि संगणक नाही. तो बहुधा येणारही नाही. म्हणून माझी विनंती अशी, की हा फोन म्हणजेच विद्यार्थ्याचा संगणक आहे असे विद्यापीठाने उघडपणे मानावे आणि त्या फोनला जे कमी पडते तेवढेच, म्हणजे मोठा पडदा, कीबोर्ड, माउस आणि तासभर निवांत बसायची जागा, आपल्या अभ्यासकेंद्रांतून पुरवावे.

विद्यार्थ्याकडे संगणक नाही, हे मी अंदाजाने म्हणत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, २०१७-१८ साली, देशातल्या फक्त १०.७ टक्के घरांत संगणक आढळला, शहरांत २३.४ टक्के आणि खेड्यांत ४.४ टक्के. ही आकडेवारी जुनी झाली असे कोणी म्हणेल, तर 'असर' या शैक्षणिक पाहणीचा २०२३चा अहवाल पाहावा. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची ही पाहणी. त्यांच्यापैकी जवळपास ९० टक्के जणांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरता येत होता. संगणक वा लॅपटॉप मात्र जेमतेम ९ टक्के घरांत. त्याच अहवालातली आणखी एक जोडी मला जास्त बोलकी वाटते. घरी संगणक असलेल्यांपैकी ८५ टक्के मुलांना तो चालवता येत होता, घरी नसलेल्यांपैकी ३३.९ टक्क्यांना. म्हणजे शाळा-कॉलेजात संगणक कक्ष असो वा नसो, जे यंत्र रोज हाताखाली येते तेच माणूस शिकतो. हीच मुले आता आपल्याकडे प्रवेश घेण्याच्या वयात येत आहेत.

फोनमध्ये संगणकाची ताकद आहे का, हा प्रश्न आता उरलेला नाही. अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या लॅपटॉपमध्ये जी एम१ चिप घातली, ती त्यांच्या फोनमधल्या चिपच्याच घराण्यातली होती. अँड्रॉइडचा मध्यम किमतीचा फोनसुद्धा पत्र, निबंध, हिशेबाचा तक्ता, पीडीएफ आणि व्हिडिओ ही कामे सहज पेलतो. अडते ते माणसाच्या बाजूने. मराठीत दोन पाने फोनवर लिहायला घ्या. सहा-साडेसहा इंचांचा पडदा, त्याचा खालचा जवळजवळ अर्धा भाग कीबोर्डने व्यापलेला, वर उरलेल्या जागेत आपल्याच लिखाणाच्या पाच-सात ओळी. तिसऱ्या परिच्छेदातल्या एका शब्दात 'कि'ची 'की' करायची आहे. अंगठा टेकवला की तो शब्दच अंगठ्याखाली जातो. कर्सर कधी जोडाक्षराच्या आधी बसतो, कधी पुढच्या शब्दात. खोडायला जावे तर वेलांटी जाते, अक्षर राहते. पुन्हा दाबले तर नको ते अक्षर जाते. अशा चार दुरुस्त्या केल्यावर माणूस पाचवी सोडून देतो. पहिल्या परिच्छेदात काय म्हटले होते ते पाहायला वर जावे तर चालू ओळ हातची सुटते. पुस्तक एका बाजूला आणि आपले लेखन दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना करणे तर जवळजवळ अशक्यच. फोनवर लिहिणारा विद्यार्थी तुटक लिहितो, दुरुस्ती टाळतो, कुठून तरी उचलून चिकटवतो, आणि आपण म्हणतो की या पिढीला लिहिता येत नाही. मला हा निष्कर्ष अन्यायाचा वाटतो. त्यांना लिहिण्याजोगी जागा मिळालेली नाही.

उलट, जे काम फोनच्या अंगचे आहे तिथे तो संगणकालाही मागे टाकतो. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी हे त्याचे उत्तम उदाहरण. निफाडचा किंवा कळवणचा शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो, जागेची नोंद फोन स्वतः घेतो आणि ती माहिती सातबाऱ्यापर्यंत जाते. टेबलावरच्या संगणकाला हे कधीच जमले नसते. पण त्याच शेतकऱ्याला नोंद चुकली म्हणून मुद्देसूद अर्ज लिहायचा असेल, गेल्या तीन हंगामांचा खर्च मांडायचा असेल, तर तोच फोन हातात असूनही तो सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि दुसऱ्याकडून टाइप करून घेतो. शासन नागरिकाचा फोन हेच कार्यालय मानून चालले आहे, परंतु त्या कार्यालयात टेबल-खुर्ची नाही. परिणाम असा की मोठ्या संख्येने लोक माहिती भरणारे झाले. स्वतःचे म्हणणे स्वतः लिहिणारे झाले नाहीत. पदवी देणाऱ्या संस्थेला या फरकाची काळजी असायला हवी.

ही उणीव भरून काढायला मोठे तंत्रज्ञान लागत नाही. नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या मोबाईलच्या दुकानांत शंभर-दोनशे रुपयांत ओटीजी जोडणी मिळते. तिच्या एका टोकाला साधा यूएसबी कीबोर्ड लावा आणि दुसरे टोक फोनमध्ये घाला. बहुतेक अँड्रॉइड फोन तो लगेच ओळखतात. पडद्यावरचा कीबोर्ड निघून जातो, सबंध पडदा लिखाणासाठी मोकळा होतो. माउस जोडला तर बाणही दिसू लागतो, आणि 'कि'ची 'की' एका टिचकीत होते. कॉपी-पेस्टच्या ज्या कळा संगणकावर चालतात त्याच इथेही चालतात. काही फोनना मोठा पडदा जोडला की खिडक्या शेजारी शेजारी उघडतात. हे २०१७पासून सॅमसंगच्या वरच्या श्रेणीतल्या फोनमध्ये 'डेक्स' या नावाने आहे, मोटोरोलाच्या काही फोनमध्ये आहे, आणि मे २०२५ मध्ये गूगलने सॅमसंगच्या सोबतीने अँड्रॉइडमध्येच अशी सोय आणत असल्याचे जाहीर केले.

यावर जाणकार लगेच आठवण करून देतील की ही कल्पना अनेकदा आपटली आहे. मोटोरोलाने २०११ साली अ‍ॅट्रिक्स हा फोन लॅपटॉपसारख्या सांगाड्यात बसवून पाहिला, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ल्युमिया ९५० ला पडदा जोडून पाहिला. दोन्ही मागे पडले. हे खरे आहे. पण ती साधने कोणाला विकली जात होती? महागडा फोन घेऊ शकणाऱ्याला, ज्याच्या घरी आधीच लॅपटॉप होता. ज्याच्याकडे संगणक आहे त्याला फोनचा संगणक करण्याची गरजच नसते. ज्याच्याकडे तो नाही, अशा माणसापर्यंत ही सोय कोणी नेलीच नाही, कारण तो त्या कंपन्यांचा गिऱ्हाईक नव्हता. तो आपला विद्यार्थी आहे. बाजाराने जिथे प्रयत्न सोडला तिथे मुक्त विद्यापीठाचे काम सुरू होते. पुस्तकांच्या बाबतीत आपण नेमके हेच केले होते.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती लपवून उपयोग नाही. दहा-पंधरा हजारांचा फोन आणि पन्नास हजारांचा फोन, दोघांचेही यूएसबी-सीचे तोंड बाहेरून सारखेच दिसते. पण बहुतेक स्वस्त फोनमध्ये त्या तोंडातून चित्र बाहेर पाठवण्याची सोयच नसते. तिथून फक्त चार्जिंग आणि फाइलींची ने-आण होते. विद्यार्थी केबल विकत घेईल, जोडेल आणि पडदा काळाच राहील. काही फोन वायफायवरून टीव्हीवर चित्र टाकू शकतात, पण तेव्हा पुष्कळदा फोनचा उभा पडदाच जसाच्या तसा टीव्हीच्या मधोमध एका अरुंद पट्टीत उमटतो आणि दोन्ही बाजू काळ्या राहतात. फोन आडवा धरला की बरे दिसते, तरी बोट आणि चित्र यांच्यात किंचित उशीर राहतो. बाहेरच्या कीबोर्डवर मराठी लिहायची मांडणीही सगळ्या फोनमध्ये चटकन सापडत नाही. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याचा फोन उद्यापासून डेस्कटॉपची जागा घेईल, असा दावा मी करत नाही. कीबोर्डची सोय जवळपास सर्वांना मिळेल, मोठ्या पडद्याची काहींना, आणि उरलेल्यांसाठी प्रत्येक केंद्रावर दोन-तीन साधे संगणक ठेवावेच लागतील. तिथे विद्यार्थ्याने आपल्याच खात्यात शिरून फोनवर अर्धे सोडलेले लेखन पुढे चालू ठेवावे. लेखन एका यंत्रात अडकून न पडता विद्यार्थ्याच्या खात्यात राहिले, की टेबलावर फोन जोडलाय की संगणक आहे, याने फारसे बिघडत नाही.

मग सरळ संगणक कक्षच का वाढवू नयेत, असे विचारले जाईल. जिथे शक्य आहे तिथे जरूर वाढवावेत. पण आपली अभ्यासकेंद्रे बहुतांशी दुसऱ्या महाविद्यालयांच्या इमारतींत चालतात आणि आपला विद्यार्थी तिथे येतो तो मुख्यतः सुट्टीच्या दिवशी, संपर्क सत्रापुरता. त्या कक्षातल्या यंत्रावर त्याने केलेले काम तिथेच राहते. पुढच्या खेपेस यंत्र वेगळे, कधी फाइल पुसलेली. शिवाय यंत्रे म्हातारी होतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला आणि त्यापुढच्या विंडोज ११ला जुन्या पिढीतले अनेक प्रोसेसर चालत नाहीत. राज्यभरातल्या कितीतरी कक्षांतले संगणक त्यामुळे एकाच वेळी निरुपयोगी ठरण्याच्या वाटेवर आहेत. परंतु निरुपयोगी होतो तो डबा. त्याच्याशी जोडलेला पडदा, कीबोर्ड आणि माउस तसेच्या तसे चांगले असतात, आणि फोनला नेमके तेवढेच हवे असते. एचडीएमआय ते व्हीजीए असा छोटा जोड आणि चार्जिंग सुरू ठेवणारा एक यूएसबी-सी हब एवढ्यावर जुना पडदा पुन्हा कामाला लागतो. हे पडदे भंगारात जाण्याआधी त्यांची मोजदाद व्हावी असे मला फार वाटते, कारण एकदा लिलाव झाला की हीच वस्तू पुन्हा विकत घ्यावी लागेल.

बोलून लिहिता येते, मग कीबोर्डचा आग्रह कशासाठी, असाही एक मुद्दा हल्ली निघतो. फोनची मराठी ऐकण्याची क्षमता खरोखरच वाढली आहे आणि ज्यांचे हात किंवा डोळे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी ती मोठी देणगी आहे. पण बोलून जो मिळतो तो पहिला खर्डा. त्यातले वाक्य उचलून वर नेणे, दोन कल्पना एकत्र करणे, फाफटपसारा कापणे ही कामे डोळ्यांसमोर सगळा मजकूर आणि हाताशी कर्सर असल्याशिवाय होत नाहीत. आणि दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असताना, मुले झोपलेली असताना, मोठ्याने निबंध सांगणार कोण? पदवीच्या परीक्षा पेनाने कागदावरच होतात, मग एवढा खटाटोप का, याचेही उत्तर इथेच आहे. परीक्षा तीन तासांची. लिहून, वाचून, पुन्हा लिहून विचार घडवण्याची सवय तीन वर्षांची असते.

काही शिक्षणक्रमांना मात्र फोन पुरणार नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. टॅली, ऑटोकॅड, प्रोग्रॅमिंगची भारी साधने, मोठ्या आकडेवारीचे विश्लेषण यांना खरा संगणकच लागतो. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला फोनवर भागव म्हणणे ही फसवणूक ठरेल. माझे म्हणणे कला, वाणिज्य, शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, कृषी अशा शाखांतल्या त्या मोठ्या संख्येतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, ज्यांना लिहायचे, वाचायचे, तक्ता करायचा आणि अर्ज भरायचा असतो.

सर्वांत गंभीर आक्षेप बायकांच्या बाजूने आहे. 'असर'च्याच पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. घरातला एकच फोन नवऱ्यासोबत सातपूरच्या किंवा अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला, की शिकणाऱ्या बाईच्या हाती दिवसभर काही उरत नाही. फोनलाच संगणक मानण्याचे धोरण डोळे मिटून राबवले तर ही बाई आणखी मागे पडेल. म्हणून केंद्रावरचे ते दोन-तीन साधे संगणक तिच्यासाठी राखीव वेळेत मिळाले पाहिजेत, आणि केंद्र तिला येता येईल अशा वेळी उघडे राहिले पाहिजे. फोन स्वतःचा असेल तिथे एक मोठा फायदाही आहे. सायबर कॅफेच्या यंत्रात आधार कार्डाची, गुणपत्रकाची प्रत डाउनलोडच्या फोल्डरमध्ये मागे राहते आणि पासवर्ड दुसऱ्याला सांगावा लागतो. स्वतःचा फोन पडद्याला जोडून काम केले, की केबल काढताच सगळे कागद तिच्यासोबत घरी येतात.

नोकरीच्या बाजूनेही पाहावे. लिपिक-टंकलेखक पदासाठी आजही मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांच्या वेगाचे प्रमाणपत्र मागतात. नुसत्या अंगठ्यावर वाढलेला तरुण या दारातच अडतो. कीबोर्डच्या मागे डबा आहे की फोन, हे बोटांना कळत नाही. सराव दोन्हीकडे तोच होतो. महाराष्ट्राने अशी उडी एकदा मारलेली आहे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ उभे राहिले, एमएस-सीआयटी हा त्याचा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यात पोहोचला आणि ज्यांच्या घरात संगणक नव्हता अशा लाखो लोकांनी माउस पहिल्यांदा हातात धरला. त्या कामामागे ज्यांची दृष्टी होती ते डॉ. राम ताकवले हेच आपल्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. त्या वेळी संगणक माणसापर्यंत न्यावा लागला. आता तो त्याच्या खिशात पोहोचला आहे आणि काम त्या मानाने सोपे झाले आहे.

म्हणून मागणी थोडकी आहे. नाशिक विभागातल्या काही केंद्रांपासून सुरुवात करावी: सुरगाणा आणि पेठ यांसारख्या ठिकाणी एक-एक, आणि एखादे सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीजवळ. प्रत्येक ठिकाणी चार टेबले, चार पडदे, कीबोर्ड, माउस, हब आणि वायफाय. पहिल्या संपर्क सत्रातला एक तास समंत्रकांनी फक्त यासाठी द्यावा: फाइलला नाव कसे द्यायचे, ती कुठे जाते, पीडीएफ कशी करायची, फोटोचा आकार कमी कसा करायचा, मराठी कीबोर्ड कसा निवडायचा. पुस्तकांच्या संचासोबत एक पान छापावे, ज्यात फोन पडद्याला जोडता येतो की नाही हे विकत घेण्यापूर्वी कसे ओळखायचे ते सांगितलेले असेल. आणि विद्यार्थ्याने भरायचा कुठलाही ऑनलाइन अर्ज खुला करण्याआधी एका कर्मचाऱ्याने तो स्वस्तातल्या फोनवर, 'डेस्कटॉप साइट'वर खूण न करता, स्वतः शेवटपर्यंत भरून पाहावा. नाशिक शहरातले सार्वजनिक वाचनालय १८४० पासून वाचकाला टेबल आणि उजेड देत आले आहे. अशा ग्रंथालयांनाही या कामात सोबत घेता येईल.

वर्षभराने त्या केंद्रांतल्या विद्यार्थ्यांचे लेखन इतरांच्या लेखनाशेजारी ठेवून तपासावे आणि निकाल, तो कसाही आला तरी, जाहीर करावा. उपयोग झाला नाही असे दिसले तर खर्च झालेला असेल तो काही जुने पडदे आणि थोड्या केबलींचा. झाला, तर आपल्या आठही विभागीय केंद्रांना तो रस्ता मोकळा आहे. येत्या प्रवेशांपूर्वी निदान पहिली चार टेबले मांडावीत, एवढी विनंती.

आपला,
एक नाशिककर